चुनखडीतला शंख

जैसलमेरबाहेर वाळवंटात चुनखडीचा एक उघडा कडा आहे. पिवळे थर एकावर एक बसलेले, आणि थराथरांत शिंपले. इथं कधीकाळी समुद्र होता, हे त्या रणरणत्या उन्हात पटेना. एका दगड झालेल्या शंखावरून मी बोट फिरवत होते, तेवढ्यात ताईचे यजमान हातोडी घेऊन आले.

"सरक. दिवाणखान्यात शोभेल."

"भाऊजी, राहू द्या ना तिथंच."

"तुझ्या बापाचा आहे का?"

दुसऱ्याच घावाला शंखाचा चुरा झाला. "कच्चाच होता," म्हणत ते गाडीकडे वळले. समुद्र गेल्यावरही जे टिकलं होतं, ते यांच्या हौसेला पुरलं नाही.

ताई हळूच म्हणाली, "दगडच तो. विसर."

"तुला सवय झालीय," मी म्हटलं, "मला नाही."