साधनाताईंचं ‘येते’

साधनाताईंवर मी आयुष्यात एकदाच ओरडले, तेही फोनवर. चूक त्यांचीच होती, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. फक्त त्या चुकीचे उपकार कसे फेडायचे ते मला अजून कळलेलं नाही.

ताई नायमेखन या डच गावाच्या जुन्या बाजारात कपडे दुरुस्त करतात. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर. नवरा हेमचंद्र इथल्या एका हॉटेलात आचारी होता. तो गेल्यावर त्या इचलकरंजीला परत जातील असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. बाजाराच्या मागे एक फरसबंदी अंगण आहे आणि त्याच्याभोवती एकेका खोलीची एकतीस घरं. बाजार तीनशे वर्षांचा आहे, घरंही जवळपास तेवढीच जुनी. गावात दुसरीकडे भाडं परवडत नाही अशा माणसांसाठी एक संस्था ती घरं सांभाळते, आणि बाजारही. त्यातलं बारा नंबरचं घर ताईंना मिळालं. “छप्पर संस्थेनं दिलं, काम बाजारानं दिलं, आता मी कशाला कुठे जाऊ?” असं त्या म्हणायच्या.

मी उल्का, त्याच संस्थेत फुकट राबणारी. नवरा अजित चिपच्या कंपनीत, मी त्याच्यामागे डिपेंडंट व्हिसावर आले आणि घरात बसून डोकं फिरायला लागलं म्हणून तिथे जाऊ लागले. माझा राग नाकावर, हे अजित कोणालाही सांगेल. ताईंना मात्र राग येत नाही. त्यांना डचही येत नाही. पंचवीस वर्षांत त्यांनी जेमतेम शंभर शब्द जमवले, आणि ते मराठीच्याच दोऱ्यानं शिवून त्या बोलतात.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये बाजार बंद झाला. अंगणातली बहुतेक माणसं सत्तरीपुढची, त्यांनी बाहेर पडायचं नव्हतं. संस्थेनं दुपारचं गरम जेवण घरपोच द्यायचं ठरवलं. मी घरी बसून फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि डबे वाटायचं काम ताईंनी आपणहून घेतलं. नियम साधा होता. डबा उंबऱ्यावर ठेवायचा, बेल वाजवायची, दीड मीटर मागे यायचं, दोन शब्द बोलायचे आणि पुढच्या दारी जायचं. आत पाऊल टाकायचं नाही. रिकामे डबे संध्याकाळी दाराबाहेर मिळायचे.

सोळा नंबरचा डबा भरलेला परत आला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही.

सोळा नंबरमध्ये विम आजोबा होते, शहाऐंशी वर्षांचे. सगळा जन्म नदीवर मालाची बोट चालवण्यात गेलेला. बायको वारल्यावर फेब्रुवारीतच इथे राहायला आले होते, त्यामुळे ओळख कोणाशीच नव्हती. पाच दिवस डबे तसेच आले तेव्हा डॉक्टरांनी संस्थेला स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर यांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात हलवावं लागेल. शुक्रवारी येऊन ते ठरवणार होते. त्या दिवसांत वृद्धाश्रमांत बाहेरच्या कोणालाही आत सोडत नव्हते. आजोबा म्हणाले होते, “तिथे गेलो तर मी परत येणार नाही.”

मी त्यांना फोन केला. म्हटलं, जेवण आवडत नाही का?

“आवडतं की. पण त्या बाई रोज सांगतात, मी येते. मी दोन ताटं मांडून बसतो. त्या येत नाहीत. कामं खूप असतील त्यांना. मग माझीही भूक जाते.”

मी लगेच ताईंना फोन लावला. “ताई, निघताना तुम्ही त्यांना काय म्हणता?”

“काय म्हणणार? इक कॉम.”

मी डोक्याला हात लावला. आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. तेच ताईंनी डचमध्ये उचलून ठेवलं होतं. इथे ‘इक कॉम’ म्हणजे येते, आत्ता येते, थांबा. आणि हा माणूस नदीवर साठ वर्षं दुसऱ्याच्या शब्दावर बोट थांबवून राहिलेला. तो थांबणारच.

मग मी ओरडले. “ही तर बोलाचीच कढी नि बोलाचाच भात झाला! तुमच्या शब्दावर तो म्हातारा उपाशी बसलाय. उद्यापासून ‘टॉट मॉर्खन’ म्हणायचं, उद्या भेटू. कळलं?”

ताई रडतात की काय असं वाटलं. पण त्या म्हणाल्या, “म्हटलंय ना येते. मग जायला नको?”

“अहो, आत जायची बंदी आहे!”

“आत कोण जातंय?”

दुसऱ्या दिवशी सगळे डबे वाटून झाल्यावर त्यांनी शिवणाच्या मशीनपुढचं स्टूल उचललं आणि सोळा नंबरसमोर अंगणात मांडलं. मोजायच्या टेपनं दीड मीटर मोजून, हे विशेष. मांडीवर त्यांचं ताट, वरणभात आणि लिंबाचं लोणचं. आजोबांनी आपली खुर्ची दारात ओढली. ताईंनी थोडं लोणचं डब्याच्या झाकणात घालून उंबऱ्यावर सरकवलं. ते आजोबांनी चीजच्या पावावर फासलं आणि खाल्लं. संध्याकाळी डबा धुऊन बाहेर ठेवलेला होता.

शुक्रवारी डॉक्टर मुद्दाम दुपारी आले. अंगणाच्या टोकाशी उभे राहून त्यांनी ती पंगत पाहिली आणि वृद्धाश्रमाचा कागद बॅगेत परत ठेवला. आजोबा राहिले. मी ताईंची माफी मागितली नाही. चूक त्यांचीच होती.

नोव्हेंबरमध्ये ताईंना कोविड झाला. अँब्युलन्स अंगणापर्यंत आली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. त्या दिवशी आजोबांनीच मला फोन केला. “तिला धाप लागली होती. पण तिनं हात वर करून सांगितलं, इक कॉम.”

दुसऱ्या दिवशी सोळा नंबरचा डबा भरलेला परत आला.

पुढचं मला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मी सायकल काढली, डबा घेतला, आणि थंडीत कुडकुडत त्या स्टुलावर जाऊन बसले.

“ती जागा साधनाची आहे,” आजोबा म्हणाले.

“माहितीये. ती येईपर्यंत सांभाळते.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आत त्यांच्या टेबलावरच्या दुसऱ्या ताटाकडे पाहिलं, आणि चमचा उचलला. अर्धंच जेवले, पण जेवले. उठताना मला ‘टॉट मॉर्खन’ म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “इक कॉम.” झालं, आता बोलून बसले होते. अकरा दिवस रोज गेले. सायकल मारताना ताईंना शिव्या घालत होते आणि त्याच दमात देवाला विनवत होते, की या बाईचा शब्द एवढा एकदा खरा कर. आयुष्यात मी कोणासाठी इतकं मागितलं नव्हतं.

बाराव्या दिवशी ताई आल्या, भिंतीला धरत, अर्ध्या झालेल्या. मी स्टुलावरून उठले. आजोबांना काही नवल वाटलं नाही. त्यांनी आतलं दुसरं ताट आणून उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाले, “उशीर झाला.”

“हो, जरा झाला,” ताई मराठीतच म्हणाल्या आणि बसल्या.

मी थोडा वेळ थांबले. त्यांनी दोन घास खाल्लेले पाहिले आणि मग पहिल्यांदाच मागितली माफी. “कसली गं?” ताई म्हणाल्या. त्या विसरूनही गेल्या होत्या. आता इथे माझी गरज उरली नव्हती. मी सायकलला हात घातला आणि सवयीनं मराठीत म्हटलं, “बरं ताई, येते.”

हा एक शब्द आजोबा एव्हाना शिकले होते. ते दारातून मोठ्यानं म्हणाले, “मग उद्या तीन ताटं.”