जपानी टोळी जेवायला बसली

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कायद्याने गेली होती, पण चामोर्शीकडच्या आमच्या गावात कुळांचे कागद अजून मालगुजाराच्याच पेटीत होते. तो दिसला की माणसं वाट सोडून कडेला उभी राहत. पत्रकं वाचून वाढलेल्या मला ते सहन होत नव्हतं. बैलांच्या शर्यतीच्या, म्हणजे पटाच्या दिवशी गाव नाटक करतं. त्या वर्षीचं मी लिहिलं.

माझ्या नाटकातला मालगुजार कागद द्यायच्या दिवशी स्वतःलाच पळवून न्यायला लावतो. पळवणारी टोळी जपानी. तिथल्या गुंडांची घराणी असतात, म्होरक्याला बाप म्हणतात आणि चुकलेल्याला स्वतःचं बोट कापून द्यावं लागतं, असं एका जुन्या वर्तमानपत्रात वाचलं होतं. आमच्याकडच्या मायबाप म्हणवून घेणाऱ्या मालगुजारांना ते चपखल बसत होतं. म्होरक्याचं काम तळ्यात मासे धरणाऱ्या एका भाऊंना दिलं, कारण बांबू चिरताना त्यांची करंगळी आधीच गेली होती.

शेवटी मालगुजार कबूल करतो की पळवापळवी खोटी होती. त्या चार पानांसाठीच मी नाटक लिहिलं होतं. ती ऐकली नाहीत, तर लोक त्याचीच कीव करत घरी जाणार होते.

गॅसबत्ती दुसऱ्या गावाने नेली, म्हणून नाटक सकाळीच लागलं. लुगड्यांचे झगे घातलेल्या टोळीने मालगुजाराला खाटेसकट उचललं आणि प्रेक्षकांमधून बाहेर नेलं. घरांमागून वळसा घालून पडद्यामागे यायचं, एवढंच काम होतं. पेटीवाल्याने एक पद वाजवलं, दुसरं वाजवलं. तिसऱ्याला मी धावत सुटलो.

पहिल्याच घराच्या ओसरीवर टोळी जेवत होती. मध्ये मालगुजार, वांग्याची भाजी मागत. पटाच्या दिवशी दारावरून जाणाऱ्याला कोणी उपाशी सोडत नाही, हे मी लिहिताना विसरलो होतो. कुंपणापाशी निम्मे प्रेक्षक उभे होते. नाटक खोळंबलंय, असं मी वाढणाऱ्या बाईंना दात आवळून सांगितलं.

"थांबू द्या ना भाऊ. जपानातून आले म्हनता, त्यायले उपाशी पाठवू काय?"

म्होरक्याने खाली मान घालून आणखी भात घेतला.

अखेर शेवटचा प्रवेश लागला. मालगुजाराने कबुलीचं पहिलं वाक्य उच्चारलं, तोच पुढे बसलेले एक म्हातारे उठले.

"राहू दे. पळवलेला मानूस चोरायच्या पंगतीत भाजी मागून राह्यला होता. आमाले तवाच समजलं."

लोक हसले, मग कागद मागू लागले, आणि असे मागू लागले की मालगुजार झालेला गडी घाबरला. त्याने हातातले कोरे कागद वाटून टाकले आणि पडदा ओढून घेतला. माझी चार पानं माझ्याच हातात राहिली.

पटाकडे जाताना खऱ्या मालगुजाराची दमणी, त्याची छपराची बैलगाडी, समोरून आली. माणसं नेहमीसारखी कडेला झाली. मला तिथेच रस्त्यावर बसावंसं वाटलं. तेवढ्यात मागून कोणीतरी अगदी अदबीने विचारलं, "जेवून आले काय, मालक?"

सगळी वाट हसली. ते वाक्य माझं नव्हतं.