सपाट शहरात भैयासाहेब

“आधी टेकडी दाखव भिया, मग गाव दाखव.”

नव्या गावात पाय ठेवला की भैयासाहेब हेच म्हणायचा. माणूस देवासचा, तिथे भावाला ‘भिया’ म्हणतात. घराणं जुन्या दरबाराशी नातं सांगणारं, पण तो स्वतः लिफ्टचा मिस्त्री. देवासात कुठेही उभं राहा, मान वर केली की माताजीची टेकडी दिसते. ती उजव्या खांद्यावर घेतली की याचं घर यायचं, डाव्या खांद्यावर घेतली की काम. रस्त्यांची नावं त्याला कधी पाठ करावीच लागली नाहीत.

एकदा आमच्या खातेगावला आला. चारी बाजूंना गहूच गहू. म्हणाला, “काय रे, तुमच्याकडे टेकडीच नाही? मग सकाळी पाया कुणाच्या पडता?”

“आमच्याकडे नर्मदा आहे,” मी म्हणालो. “आम्ही खाली बघून पाया पडतो.”

त्याला कुठलीही गोष्ट लवकर पटत नसे, आणि न पटलेली गोष्ट तो सोडतही नसे.

अशा माणसाला नोकरी लागली आखातात, दोह्याला. शहर तव्यासारखं सपाट. उंच इमारती पुष्कळ, पण आज जिला खूण धरावी तिच्यापुढे काही दिवसांत दुसरी उभी. भैयासाहेब चुकीच्या थांब्यावर उतरायचा, कामावर उशिरा पोचायचा. एके दिवशी तर समोरच्याच इमारतीत शिरला आणि चांगली चालती लिफ्ट बंद करून तिचा दोष शोधत बसला. वर अडकलेल्या लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कळलं.

मल्याळी सुपरवायझर भला होता. तो म्हणाला, “तुझा हात चांगला आहे, पण तू इथे नाहीसच. शनिवारी सांग, राहतोस की तिकीट काढू?”

रात्री घरून त्याच्या बायकोचा, आमच्या अल्पनावहिनींचा फोन. “अहो, मोबाईलवर नकाशा असतो ना?”

“असतो. पण मी वळलो की तोही वळतो. टेकडी वळत नाही.”

“मन लागत नसेल तर या परत. पण मग उद्या म्हणू नका, तूच बोलावलंस म्हणून.”

शुक्रवार सुट्टीचा. सकाळपासून भैयासाहेब रस्त्यावर विचारत फिरला, “भाई, पहाड़ किधर है?” किराणावाला हसला. चहावाल्याने विचारलं, “क्यों, कुछ गिर गया क्या उधर?” शेवटी एका न्हाव्याने वस्तरा न थांबवता सांगितलं की समुद्राच्या बाजूला, पत्र्याच्या कुंपणामागे, इमारतींच्या पायातून उपसलेल्या मातीचा डोंगर आहे.

तो डोंगर नव्हता, ढीग होता. पण उंच होता. पत्र्यांच्या फटीतून भैयासाहेब आत शिरला. पायथ्याशी आल्यावर, आपल्याकडे जसं आपोआप होतं तसं, त्याने बूट काढले, मोजे आत कोंबले, जोड नीट शेजारी शेजारी लावला आणि अनवाणी चढू लागला. मातीत शिंपल्यांचे तुकडे टोचत होते. एवढ्या खोल जमिनीखाली शिंपले कसे आले? वाकून त्याने एक उचलला, वास घेतला, खिशात टाकला.

माथ्यावर उभा राहिला आणि शहर त्याच्यासमोर प्रथमच उलगडलं. हा समुद्र. समुद्राला लागून वळणारा मोठा रस्ता. तो रस्ता जिथे फुटतो तिथे आपला कॅम्प, कामगारांच्या खोल्या. आणि ती निळ्या काचांची इमारत, जिच्यात आपण चालती लिफ्ट बंद पाडली! त्याला एकट्यालाच हसू फुटलं. समुद्र उजव्या खांद्यावर घेतला, डाव्या खांद्यावर घेतला, पुन्हा उजव्या.

इतक्यात शिट्टी वाजली. एक पहारेकरी धापा टाकत वर येत होता. हातात भैयासाहेबाचे बूट.

“क्या करने जा रहे थे? सच बोलो!”

“मैं? कुछ नहीं. चढ़ा हूँ बस.”

“जूते ऐसे रखकर कोई बस चढ़ता नहीं है!” मागे एका पोराने असेच बूट काढून ठेवले होते, आणि तो जिवंत खाली आला नव्हता.

भैयासाहेबाने दोन्ही हात जोडले. आमच्या टेकडीवर देवी आहे, तिथे बूट घालून जात नाहीत, सवयीने काढले, असं सांगितलं. पहारेकरी, नाव हर्कबहादूर, नेपाळचा, मटकन खाली बसला. जीव भांड्यात पडल्यावर त्याला राग आला.

“इसको पहाड़ बोलते हो? हमारे गाँव की बकरी हँसेगी.” मग खिशातून पेन काढलं. “नाम बोलो. अंदर घुसनेवाले का नाम कंपनी को जाता है. कंपनी घर भेजेगी.”

भैयासाहेबाला शनिवारचं उत्तर आता आपोआप मिळत होतं. राहायचं की जायचं, हे त्याला सांगावंही लागणार नव्हतं. वहिनींनाही काही म्हणता आलं नसतं. आणि तेव्हाच त्याच्या तोंडून निघालं, “मत लिखो भिया. मुझे यहाँ रहना है.”

बोलून तो स्वतःच चकित झाला.

हर्कबहादूरने त्याच्याकडे बघितलं. “तुम्हारे पहाड़ पर कौन देवी है?”

“दो हैं. बहनें.”

“झगड़ती हैं?”

“बहनें हैं न!”

हर्कबहादूर हसला, पेन खिशात ठेवलं. म्हणाला, फार जीव लावू नकोस. थंडी सरली की ट्रक येतील, ही सगळी माती समुद्रात भरतील.

“समुंदर तो रहेगा?”

“रहेगा. थोड़ा पीछे सरकेगा.”

मग भैयासाहेबाने घाई केली. ती गोल इमारत कसली? तो मनोरा कुणाचा? बोटी कुठे थांबतात? बाजार कुठल्या अंगाला? हर्कबहादूर सांगत गेला, हा पुन्हा विचारत गेला, दिवे लागेपर्यंत. शेवटी पहारेकरीच वैतागला. “अब जाओ. और जूते कुंपण के बाहर पहनना.” कुंपण हा शब्द त्याने भैयासाहेबाकडूनच तेवढ्यात उचलला होता.

भैयासाहेब बूट हातात घेऊन उतरला, बाहेर ते चढवले आणि चालू लागला. पुढे रस्ता दोन वाटांना फुटतो. तिथे थांबून त्याने मागे पाहिलं. माथ्यावर हर्कबहादूर कमरेवर हात ठेवून त्याच्याचकडे बघत उभा होता. बाजूने माणसं जात होती, पण भैयासाहेबाने कुणालाच काही विचारलं नाही. समुद्र डाव्या खांद्यावर घेतला आणि तो डावीकडे, कॅम्पच्या वाटेला वळला.