चार ओळींचा प्रोग्राम

अमरावतीच्या एका कॉलेजात मी पोरांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. चांगली सिस्टिम कोणती, असं कोणी विचारलं की माझं उत्तर वर्षानुवर्षं तयार असायचं: जिच्यावर प्रोग्राम लिहायला सोपं जातं ती. बाकी सगळी रंगरंगोटी. विंडोजचं नाव काढलं तरी माझा पारा चढायचा, आणि ते मी दिमाखात मिरवायचो.

अकोटच्या एका जिनिंगवाल्याने, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या मालकाने, वजनकाट्याचं काम दिलं तेव्हा हीच मस्ती सोबत नेली. कापसाची गाडी काट्यावर आली की वजन आपोआप कॉम्प्युटरमध्ये यावं आणि शेतकऱ्याच्या नावागावासकट मराठीत पावती निघावी, एवढंच काम. विंडोजवर दोन दिवस डोकं आपटलं. लिनक्स या माझ्या लाडक्या सिस्टिममध्ये काट्याची वायर एखाद्या फाइलसारखी उघडून वाचता येते. चार ओळींत वजन हजर. मी खुशीत त्या कॉम्प्युटरवरचं विंडोज पुसून टाकलं. काट्यावर बसून पावत्या टाइप करणाऱ्या काकांना विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

काका पन्नाशीपुढचे. तरुणपणी अकोल्यात टायपिंगची परीक्षा दिलेली, टाइपरायटर मशीनवरची. जुन्या मराठी फॉन्टमध्ये कीबोर्डवर अक्षरं मशीनवरच्याच जागी होती, म्हणून कॉम्प्युटर आला तेव्हाही त्यांचं काही अडलं नव्हतं. गाडीवान गावाचं नाव सांगून संपवेपर्यंत यांचं टाइप झालेलं असे, तेही मान वर ठेवून, त्याच्याशी बोलत. माझ्या लिनक्सवर तो फॉन्ट चालेना. अक्षरांच्या जागा बदलल्या.

"सर, हे काहून बदलवलं? माहे बोटं जुन्याच जागी जाऊन रायले," ते म्हणाले.

"पंधरा दिवसांत सवय होईल, काका," मी म्हणालो. अक्षरांच्या जुन्या जागा नव्या सिस्टिमवर आणता आल्या असत्या. चार-पाच दिवसांचं किचकट काम होतं. खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा आला.

हंगाम सुरू झाला. काका एकेक अक्षर शोधत बसायचे आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर जायची. शेवटी ते कागदावर हाताने पावत्या लिहायला लागले, आणि दुपारी डबा बाजूला ठेवून त्या टाइप करत बसायचे. मालकाने पाहिलं. आठवड्याभरात काट्यावर दुसरा माणूस बसला आणि काकांना कापसाच्या गंजीवर लक्ष ठेवायला उभं केलं. दिवसभर उन्हात, नाकातोंडात रुई. मालकाने मला फोन करून प्रोग्रामची तारीफ केली. मीही ती ऐकून घेतली.

महिन्याभराने अकोटच्या बसस्टँडवर काका भेटले. नोकरी सोडली होती. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "तुमचा प्रोग्राम चांगला हाये सर. नवा माणूस भराभर पावत्या काढते. मलेच जमलं नाई. वय झालं आता, डोकं चालत नाई पयल्यासारखं."

त्यांचं डोकं शाबूत होतं. कामचुकार मी होतो. एवढं एक वाक्य त्यांना सांगायला हवं होतं. अमरावतीची बस लागली, आणि मी "येतो काका" म्हणून चढलो.