उरलेली तीन नावं

भूकंपानंतर छावणीतल्या शाळेच्या भिंतीवर जिवंत माणसांची यादी लागली, तीत साबेराच्या अब्बांचं, खाजामियाँचं नाव नव्हतं. घरानं दोन दिवस रडून घेतलं. तिसऱ्या दिवशी अब्बा स्वतःच चालत आले. नाव कसं राहिलं, ते कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून भिंतीवर यादी दिसली, की साबेरा नजर वळवून पुढं जाई.

आणि सहा वर्षांनी लातूरच्या एका क्लासमध्ये तिच्या वाट्याला कामच याद्या छापायचं आलं. सी भाषेत तिनं स्वतः प्रोग्रॅम लिहिला होता. अर्ज आले त्या क्रमानं नावं एकामागून एक घ्यायची, मध्ये स्वल्पविराम टाकायचा, पाच झाली की ओळ छापायची. खास तुकडीत निवडलेल्यांची यादी तिनं सकाळी लावली. यादीत नसलेल्यांनी संध्याकाळपर्यंत वसतिगृह सोडायचं होतं.

दुपारी वसतिगृहातल्या सुमनबाई आल्या. "मॅडम, ती भोकरची मनस्विनी. यादी बघितली, ट्रंक उचलली अन् गेली. जेवली बी न्हाई. तिचं तोंड मला बरं दिसलं न्हाई."

मनस्विनी तर पहिल्या दहांत होती.  साबेरानं यादी मोजली. चाळीस. निवडलेले त्रेचाळीस. तिनं प्रोग्रॅम उघडला. पाच नावं भरली तरच ओळ छापली जात होती. शेवटी उरलेली तीन मशीनच्या आतच राहिली होती. गेल्या साली बरोबर चाळीस पोरं होती, म्हणून हे कधी कळलंच नाही. प्रोग्रॅम कंपाइल करताना मशीननं एकही चूक दाखवली नव्हती. मशीनला त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं.

उरलेली नावं छापायला दोन ओळी पुरल्या. नवा कागद घेऊन ती एसटी स्टँडकडे धावली. वाटेत कुठं गर्दी दिसली, की ती मान वळवून पुढं पळत होती. कशाभोवती जमलेत, हे बघायचं धाडस होत नव्हतं.

नांदेड-भोकरच्या गाड्यांच्या फलाटावर मनस्विनी ट्रंकेवर बसली होती. साबेरानं तिच्यापुढं कागद धरला. चूक माझी, एवढंच कसंबसं बोलली. मुलीनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, श्रीनाथ नि पंचशीलाचंबी न्हवतं की नाव. ते कुठं हायत?"

 इतका वेळ साबेराला एकच मुलगी दिसत होती.

दोघींनी ट्रंक धरून वसतिगृह गाठलं. मुलांच्या बाजूला श्रीनाथ खोलीत झोपलेला. यादी बघायलाच गेला नव्हता. पंचशीला कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये रिसीव्हर धरून उभी होती. घरी काय सांगायचं ते न सुचून तिनं नंबर लावला नव्हता. साबेरानं रिसीव्हर तिच्या हातातून काढून जागेवर ठेवला आणि तिथंच पायरीवर बसली. 

नवी यादी लावताना तिनं खालची ओळ आधी वाचली. अजूनही तशीच वाचते.