शिंदेसरांचा युरोप

आमच्या स्टाफरूमच्या कपाटावर जुने पेपर साचतात, तसे शिंदेसरांचे किस्से साचलेत. पेपर निदान रद्दीवाला नेतो.

शिंदेसर इतिहास शिकवतात, मी इंग्रजी. कॉलेज पाथर्डीकडचं. निम्मी पोरं सकाळी सैन्यभरतीच्या सरावाला पळून येतात आणि पहिल्या तासाला झोपतात. सर त्यांना पहिलं महायुद्ध शिकवतात. आता बोला!

*

एकदा सरांनी पडद्यावर युद्धाआधीची चित्रं लावली. चेहरे सगळे फुटल्यासारखे, वाकडेतिकडे.

भरतीवाल्या पोरांतला सोमा म्हणाला, "सर, युद्ध तर नंतर झालं ना? मंग चेहरे आधीच कसे फुटले?"

"चित्रकारांना आधीच दिसलं असेल."

"मंग सांगितलं का न्हाई कुनाला?"

"प्रदर्शन भरवलं की रे! लोक हसून घरी गेले."

*

मग फोटो दाखवला. युद्ध जाहीर झालंय, चौकात तुडुंब गर्दी, टोप्या हवेत. पोरं आयांना सांगून निघालीत, नाताळाला येतोच!

मागून आवाज आला, "सर, डीजे व्हता का?"

वर्ग खदखदून हसला. सरही हसले. त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांचा चहा मात्र तसाच गार झाला.

*

पुढच्या तासाला सर चिडूनच बोलले. "आणि भले भले प्राध्यापक, कवी! तेसुद्धा गर्दीबरोबर ओरडले!"

सोमानं विचारलं, "तुमी असता तर?"

"मी? जीभ चावली असती, पण ओरडलो नसतो!"

प्राचार्यांनी खिडकीतून डोकावून सांगितलं, "शिंदे, शिकवा. पण जरा हळू शिकवा."

*

सोमा भरती झाला. गावानं मिरवणूक काढली. उघडी जीप, गुलाल, डीजेसुद्धा! सत्काराला सरांना आणि मला बोलावलं. फेटे बांधून आम्ही जीपशेजारी उभे.

गर्दीतून वाट काढत सोमाची आई सरांजवळ आली.

"सर, दिवाळीला येतो म्हनलाय. तुमच्या त्या लढाईतली पोरं बी असंच सांगून गेल्ती म्हनं."

"हो."

"पुढचं सोमा सांगंना. आली का वो ती घरी?"

सरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सरपंचांनी डीजे थांबवून त्यांच्या हातात माईक कोंबला. "सर, दोन शब्द!"

सगळा चौक सरांकडे वळला. सरांनी जीपमधल्या सोमाकडे पाहिलं. तो गुलालात न्हाऊन हसत होता.

सरांनी मूठ वर केली आणि ते घसा फुटेस्तोवर ओरडले, "भारत माता की...!"

चौक दणाणला. टोप्या उडाल्या. सोमाची आई अजून सरांच्या तोंडाकडेच बघत होती.