फुलीभोवतीचे चार आकडे

मी स्वभावाने संशयी आहे. एसटीत कंडक्टरने तिकीट दिलं की त्यावरची तारीख वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि वर्गात एखाद्या पोराचं सगळंच बरोबर आलं की आनंदाच्या आधी शंका येते. संख्यांवरसुद्धा माझा फारसा भरवसा नसे. दोन ही सम आणि तरीही मूळ. दोनच्या पुढच्या यच्चयावत सम संख्या संयुक्त. एक तर धड मूळ नाही आणि धड संयुक्तही नाही. असल्यांवर नजर ठेवावी लागते, असं मी पोरांना चेष्टेने म्हणायची.

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सेनगाव तालुक्यातल्या एका गावात मी सातवीला गणित शिकवत होते. भिंतीवर मीच रंगवलेले तक्ते होते: नैसर्गिक, पूर्ण, पूर्णांक, परिमेय. ‘क्रमनिरपेक्ष गुणधर्म’ म्हणताना पोरांची बोबडी वळे, म्हणून मी त्यांना उठवून उभं करायची. पाच-पाच पोरांच्या चार रांगा करा की चार-चारांच्या पाच, पोरं वीसच.

शिष्यवृत्ती परीक्षेसाठी नावं पाठवायची होती. वर्गातली एक मुलगी त्यात पहिली येणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिचं घर शेतीवर चालायचं. शिष्यवृत्ती मिळाली तरच तिला पुढे सेनगावला शिकायला ठेवू, असं तिच्या वडिलांनी मला शाळेत येऊन सांगितलं होतं.

सराव परीक्षेचे पेपर तपासताना माझी नजर तिच्या समासावर पडली. प्रत्येक गुणाकाराशेजारी एक बारीक फुली आणि फुलीच्या चारही बाजूंना एकेक आकडा. मग तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा पेपर काढला. तिथेही फुल्या, तेच आकडे. प्रश्नाला पर्याय चार आणि फुलीभोवती आकडेही चार! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही उत्तरं पुरवायची खुणांची भाषा होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला उभं केलं. “हे काय आहे?”

“बाई, जरब बराबर हाय का न्हाई, ते पाहायचं असतंय त्यानं.”

जरब हा शब्द गणितात मी कधी ऐकला नव्हता. म्हणजे खुणांच्या जोडीला सांकेतिक शब्दही होते तर. कोणी शिकवलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, “आजोबानं.” घरचेही सामील, असा मी निष्कर्ष काढला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्या दिवशी ते माझ्याच मनात पडलं होतं. मी यादीतून तिचं नाव खोडलं आणि त्याच दुपारी यादी जीपने तालुक्याला पाठवून दिली. पुन्हा वाचून पाहिली नाही. ती रडली नाही, नुसती वही मिटून बसली.

तिसऱ्या दिवशी तिचे आजोबा आले. सत्तरीचे, डोक्याला पांढरा रुमाल. जन्मभर रस्त्याच्या कामावर मुकादम होते. भांडायला आले असतील म्हणून मी तयारीतच होते. त्यांनी खडू मागितला.

“आमची शाळा निजामाच्या राज्यात, उर्दूतली. तुमी बेरीज म्हणता, आमी जमा. वजाबाकीला तफरीक, गुणाकाराला जरब, भागाकाराला तकसीम.” त्यांनी फळ्यावर चोवीस गुणिले तेरा मांडलं, उत्तर तीनशे बारा. मग फुली काढली. चोवीसचे अंक मिळवले, सहा, डावीकडे लिहिले. तेराचे चार, उजवीकडे. सहा चोक चोवीस, त्याचे पुन्हा सहा, ते वर. उत्तरातले तीन, एक, दोन मिळून सहा, ते खाली. “वरचा अन् खालचा जुळला का जरब बराबर. मुरमाचे ढीग मोजताना साहेबाचं उत्तरबी आमी असंच पाहायचो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हार मानायला मी तयार नव्हते. मी खडू घेतला आणि ३१२ खोडून ३२१ लिहिलं. “आता पाहा. उत्तर चूक आहे, तरी तुमची फुली जुळते.”

त्यांनी फळ्यावर बोट ठेवून खालचे आकडे पुन्हा मिळवले. पन्नास वर्षं त्यांनी त्या फुलीवर विश्वास ठेवला होता. मग नातीकडे वळले. “बाई म्हणतात ते खरं हाय. आकडे उलटे पडले तर हे सांगत न्हाई. इथून पुढं जागाबी पाहत जा.” त्यांनी पन्नास वर्षांची चूक मिनिटभरात कबूल केली. मला एका दिवसाची कबूल करता येईना. मला माझीच चीड आली.

“तेवढं नाव लिहा म्हंजे झालं,” जाताना ते म्हणाले.

मी दुसऱ्याच दिवशी सेनगाव गाठलं. याद्या हिंगोलीला गेल्या होत्या. हिंगोलीला गेले; तिथे सांगितलं की मुदत संपली, आता नाव घुसवता येत नाही. मी आजोबांच्या घरी जाऊन हे सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, पण आत गेलेली मुलगी बाहेर आली नाही.

परीक्षेच्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा होता. तिच्या शेजारची मुलगी सेनगावला पेपर देत होती. मी यादीतून फक्त वर्गात बसलेल्या या मुलीचंच नाव खोडलं होतं, कारण शेजारणीला फुल्या काढायला तिनेच शिकवलं होतं. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फळ्यावर सेहेचाळीस गुणिले सतरा घातलं आणि खाली उत्तर लिहिलं, सातशे अठ्ठावीस. पोरांनी ते मुकाट उतरवून घेतलं.

तिने हात वर केला. कितीतरी दिवसांनी केला होता. “बाई, फुली जुळतीय. पण आकडे जागेवर न्हाईत. सातशे ब्याऐंशी पाहिजेत.”

मी उत्तर पुसलं आणि नीट लिहिलं. मला तिला शाबास म्हणायचं होतं, पण मी फळ्याकडेच तोंड करून उत्तराखाली रेघ ओढली. मी वळले नाही म्हणून ती घाबरली असावी.

“तुमच्यावर शक न्हाई घेतला, बाई,” ती घाईने म्हणाली. “फक्त मांडून पाहिलं.”